काटे काढलेलं जेवण

रुग्ण: लॅब्रॅडोर मादी, रंग तपकिरी, वय अंदाजे साडेचार महिने, वजन ११.४ किलो. तक्रार: दोन दिवस उठत नाही, उचलली की केकाटते. भूक चांगली.

केसपेपरवर एवढं लिहिलं आणि थांबले, कारण शेवटचे दोन शब्द आधीच्या ओळीशी जुळत नव्हते. जुलैच्या अखेरीला, भर पावसात, मालवण तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावांतून न उठणारं कुत्रं माझ्याकडे येतं तेव्हा ते सहसा जेवतही नाही. गोचीडताप असतो, लेप्टो असतो, लस चुकली असेल तर डिस्टेंपर असतो. ही बया मात्र टेबलावर आडवी पडून माझ्या मदतनिसाच्या खिशातलं बिस्कीट हुंगत होती.

"खाता बरा गो बाय, पण उठूक बघणा नाय," आजी म्हणाल्या. रिक्षातून तिघं आली होती: आजी, त्यांचा मुलगा आणि सून. वयाने मला काका-काकी. कुत्रीचं नाव कॉफी. विरारला असलेल्या नातवाने मेच्या सुट्टीत येताना आणलेली, आणि सुट्टी संपल्यावर, चाकरमान्यांच्या घरी होतं तसंच, गावी ठेवलेली. आजींच्या तोंडी ती कापी झाली. (घरच्यांना विचारूनच हे लिहिते आहे. कुत्रीचं सोडून कुणाचं नाव देत नाही.)

ताप नाही. हिरड्या गुलाबी. अंगावर एक गोचीड सापडली नाही. पण उजव्या मांडीला हात लावताच तिने मान वळवून माझं मनगट दातांत धरलं. चावली नाही, नुसतं धरलं. मदतनिसाने पोटाखाली हात घालून उभी केली तर पुढच्या पंज्यांची बोटं फाकली आणि मनगटं जमिनीकडे कलली. चार महिन्यांच्या लॅब्रॅडोरने असं उभं राहायचं नसतं. तिचे पाय म्हणजे जाडजूड खांब हवेत.

पडली होती का? नाही. गाडीचा धक्का? नाही. काकांनी तोवर पिशवीतून रक्ताचा रिपोर्ट काढला. दोन दिवसांपूर्वी कुणाच्या सांगण्यावरून करून घेतलेला, आणि कॅल्शियमच्या आकड्याला पेनाने गोल केलेला: १०.१. म्हणजे अगदी नॉर्मल. गावात गुरांना टोचायला येणाऱ्या एकाने कॅल्शियमचं इंजेक्शनही दिलं होतं. काकांचं म्हणणं सरळ होतं: कॅल्शियम बरोबर आहे, म्हणजे हाडांचा प्रश्न नाही. शिकलेली माणसंही इथे फसतात, त्यामुळे काकांना काय बोलणार.

एक्स-रे माझ्याकडे नाही. तालुक्याच्या ठिकाणी माणसांचा एक्स-रे काढणारा एक भला गृहस्थ रात्री साडेआठनंतर, शेवटचा पेशंट गेला की, आमच्या कुत्र्या-मांजरांना आत घेतो. त्या रात्री प्लेट उजेडासमोर धरली आणि पहिल्यांदा वाटलं, प्लेटच बिघडली. हाडं आणि मांस यांत फरक दिसेना. काचेवर श्वास सोडल्यावर उमटते तशी फिकट हाडं, कडेच्या रेघा पेन्सिलीने काढल्यासारख्या बारीक. उजव्या मांडीचं हाड हिरवी फांदी मोडावी तसं गेलेलं, एका बाजूने तुटलेलं आणि दुसऱ्या बाजूने नुसतं वाकलेलं. कमरेचं कडं थोडं आत दबलेलं.

ही कुत्री पडली नव्हती. बहुधा पडवीच्या पायरीवरून नेहमीसारखी उतरली असेल.

डबा

दुसऱ्या दिवशी काकींना फोन करून सांगितलं, आज रात्री तिला जे घालणार ते शिजवून, न घालता, तसंच डब्यात भरून घेऊन या. कच्चं किती घेतलं तेही मोजून ठेवा. काकी थोड्या दुखावल्या. खायला काय घालता, हा प्रश्न त्यांना आदल्या दिवशी तीनदा विचारून झाला होता आणि तिन्ही वेळा उत्तर एकच होतं: सगळा चांगलाच घालतव.

आणि खरंच, डबा उघडला तर चांगलंच होतं. मऊ शिजवलेला भात, त्यात हळद घालून उकडलेली कोंबडी, वर कलेजीचे तुकडे. तेल नाही, तिखट नाही, कांदा-लसूण नाही. कांद्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात हे काकींना मुलाने सांगितलं होतं आणि त्यांनी ते पाळलं होतं. मी चमच्याने भात उलटासुलटा केला. मांसाचा धागान् धागा सुटा केलेला, कुठे कुर्चासुद्धा लागेना.

"एक हाड म्हणान रवाक दिलंय नाय," काकी म्हणाल्या. नखं दाखवली. हळदीने पिवळी झाली होती. रोज अर्धा तास हे काम करत होत्या.

दिवसाचा हिशेब असा निघाला: कोंबडीचं बिनहाडाचं मांस ३५० ग्रॅम, कलेजी ७५ ग्रॅम, तांदूळ १३० ग्रॅम, सगळं कच्चं धरून. ऊर्जा साधारण ९५० कॅलरी. त्या वयाच्या, त्या वजनाच्या पिल्लाला हजारेक कॅलरी लागतात, म्हणजे पोट भरत होतं. प्रथिनं गरजेहून जास्तच. पिल्लाच्या वाढीसाठी दर १००० कॅलरींमागे ३ ग्रॅम, म्हणजे ३००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. काकींच्या डब्यात ते १०० मिलिग्रॅमही भरत नव्हतं.

फॉस्फरस मात्र ११०० मिलिग्रॅमच्या आसपास. कॅल्शियम हे फॉस्फरसच्या निदान बरोबरीने असावं, पिल्लात थोडं वर. इथे ते दहापटींहून कमी. मांस आणि कलेजी यांचा स्वभावच असा आहे. प्राण्याच्या अंगातलं जवळजवळ सगळं कॅल्शियम हाडांत असतं, आणि इथे नेमकी तीच निवडून बाहेर टाकली होती.

मग रक्तात १०.१ कसं? कणगीतलं भात रोज उपसावं आणि ताटात रोज तेवढाच भात दिसावा, तसं. ताट बघणाऱ्याला घरात दुष्काळ आहे हे कळत नाही. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं तर हृदय आणि स्नायू चालणार नाहीत, म्हणून शरीर ते काही केल्या खाली येऊ देत नाही. मानेत थायरॉइडला चिकटून असलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथी त्यासाठी हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणत राहतात. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि हाडं पोकळ होत जातात. या आजाराचं नाव तोंड भरून जाईल एवढं मोठं आहे: न्यूट्रिशनल सेकंडरी हायपरपॅराथायरॉइडिझम. काकांना मी कणगीच सांगितली. त्यांनी रिपोर्टची घडी घातली आणि खिशात ठेवली.

त्या रात्री मी कॉफीचं लसीकरणाचं कार्ड काढलं. मे महिन्यातल्या पहिल्या भेटीत मी लिहिलं होतं: आहार, पाकिटातलं कोरडं खाद्य. जूनच्या मध्यावर बूस्टरला आली तेव्हाची नोंदही माझ्याच अक्षरात: घरचं जेवण, चिकन-भात. पुढे एक शब्द: उत्तम.

मी 'उत्तम' लिहिलं होतं. सहा आठवड्यांनी तिची मांडी मोडली.

जूनमध्ये काय झालं

या घरात कुत्री नवीन नाहीत. आजींच्या आठवणीत एकामागून एक पाच-सहा कुत्री होऊन गेली, सगळी गावठी, सगळी मागच्या दारी वाढलेली. "आमी कधी कुत्र्याक मोजून घातलाव नाय," आजी म्हणाल्या, आणि अंगणातल्या लाल्याकडे बोट केलं. लाल्या कुणाचा नाही, पण जेवायला यांच्याकडे. "ह्येका काय होणा नाय, आणि तिकाच कसा झाला?"

प्रश्न चोख होता. मी घरी गेले तेव्हा लाल्या मागच्या पडवीला बसून बांगड्याचं डोकं चावत होता. कडकड आवाज येत होता. आजींच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या आवाजात होतं. गावठी कुत्र्याच्या वाट्याला माणसांनी टाकलेलं येतं: डोकी, कणे, कल्ले, कोलंबीची सालं, खाडीकाठी स्वतः पकडलेल्या कुर्ल्या. कॅल्शियम नेमकं त्याच टाकाऊत असतं. उरलेलं अर्धं उत्तर असं की लाल्या पाच वर्षांचा आहे. वाढ संपलेल्या कुत्र्याला त्याच हजार कॅलरींमागे सव्वा ग्रॅम पुरतं, पिल्लाच्या निम्म्याहूनही कमी. आणि मागच्या दारी जी पिल्लं जगली नाहीत त्यांची मोजदाद आजींनी केलेली नाही, कुणीच करत नाही. हे शेवटचं मी त्यांना बोलले नाही.

कॉफीची गोष्ट वेगळी, ती घरात वाढत होती. नातवाने येताना पिल्लांच्या कोरड्या खाद्याची मोठी पिशवी आणली होती. ती पडवीत, गोणपाटावर, तोंड सुतळीने बांधून ठेवलेली. मेअखेरीला पाऊस सुरू झाला आणि आठवड्याभरात पिशवीला खवट वास येऊ लागला. गोळ्या एकमेकींना चिकटल्या, तळाशी पांढरी बुरशी दिसली. कॉफीने तोंड फिरवलं. काकींनी पिशवी माडाच्या बुंध्यात ओतली. अगदी योग्य केलं, बुरशी आलेलं धान्य गुरांनासुद्धा घालू नये.

त्याच सुमारास काकांच्या मोबाइलवर कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ आला, की पाकिटातलं खाद्य म्हणजे कारखान्यातला कचरा. आजींनी आधीच त्याला बकरीच्यो लेंडयो असं नाव दिलं होतं. घरचं घालायचं ठरलं.

घरचं म्हणजे इथे एरवी मासे. मेमध्ये ही गोष्ट घडली असती तर कॉफीच्या थाळीत तारली आली असती, मांदेली आली असती, काट्यासकट कुस्करलेली. पण १ जूनला यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते आणि जुलैअखेरपर्यंत बंदरावर सामसूम. जे मिळतं ते महाग. सुकट-जवळ्याला मीठ, म्हणून तो पिल्लाला नको असं काकींनीच ठरवलं. उरली कोंबडी. पिल्लू लाडाचं, म्हणून बिनहाडाची. महिन्याला अडीच-तीन हजार रुपये जात होते. "आमच्या पोरांका लहानपणी मिळाक नाय तितकी कोंबडी ह्येका मिळता," काका म्हणाले, तेव्हा आवाजात तक्रार नव्हती, अभिमान होता.

गोम इथे आहे. हाडं काढली ते बरोबरच केलं. शिजलेल्या कोंबडीचं हाड फुटलं की त्याच्या सुया होतात, आतड्यात रुततात, अशी ऑपरेशनं मी केली आहेत. चूक एवढीच की हाडांच्या जागी दुसरं काही आलं नाही.

दूध, नाचणी, ऊन

निदान सांगितल्यावर घरातून एकेक उपाय येऊ लागले. सगळे आपल्या ओळखीचे आहेत, म्हणून तेही लिहिते.

दूध. १०० मिलिलिटर गाईच्या दुधात १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. तीन ग्रॅमसाठी अडीच लिटर, रोज. कॉफीला पावशेरानेच जुलाब होत होते.

नाचणी. हे काकींनी सुचवलं आणि बोलताना त्यांचा चेहरा उजळला, कारण नाचणी शेतातली, घरची. कॅल्शियमच्या बाबतीत आपल्या धान्यांत नाचणीचा हात धरणारं कुणी नाही, १०० ग्रॅममध्ये ३६० मिलिग्रॅमच्या आसपास. पण तीन ग्रॅमसाठी ८०० ग्रॅमहून जास्त पीठ लागेल, त्यात अडीच हजारांवर कॅलरी. शिवाय धान्यातल्या फायटेटमुळे सगळं कॅल्शियम अंगी लागतही नाही. भाताऐवजी नाचणी घाला, जरूर घाला, पण मोडलेलं हाड आंबिलाने जुळणार नाही.

टॉनिक. शेजाऱ्यांनी दिलेली बाटली फळीवर होती आणि कॉफीला रोज दोन चमचे चालू होते. लेबल वाचलं तर एका चमच्यात १०० मिलिग्रॅमहूनही कमी. रोज दोन चमचे देऊनही तीन हजारांच्या खड्ड्यात दोनशे पडत नव्हते, आणि घरच्यांना मात्र कॅल्शियम चालू आहे असं वाटत होतं. औषधाचा मोठा तोटा मला हाच वाटतो.

ऊन. आजी म्हणाल्या, पावसात तिला ऊन मिळालं नाही, म्हणून झालं असेल. माणसाच्या पोराच्या बाबतीत हे पटण्यासारखं आहे. कुत्र्याचं तसं नाही. त्याच्या कातडीत उन्हापासून 'ड' जीवनसत्त्व पुरेसं तयारच होत नाही, ते खाण्यातून यावं लागतं. कलेजीत थोडं मिळतं, तारली-बांगड्यात चांगलं मिळतं. कोंबडीच्या बिनहाडाच्या मांसात आणि भातात जवळजवळ काही नाही.

मग काकांनी विचारलं, दोनच्या जागी दहा चमचे दिले तर? नको म्हटलं. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या आतड्याला 'बस झालं' म्हणता येत नाही. जास्तीचं कॅल्शियमही ते शोषून घेत राहतं, आणि लॅब्रॅडोरसारख्या मोठ्या जातीत त्याने हाडं वेडीवाकडी वाढतात. ही दोरी दोन्ही बाजूंनी तुटते.

लेंड्यांचं पुनरागमन

मी सांगितलं ते कुणाला आवडलं नाही. पुढचे काही महिने घरचं पूर्ण बंद. फक्त मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं, वाढीच्या वयाचा संपूर्ण आहार असं ज्यावर लिहिलेलं असतं ते पाकिटातलं खाद्य. वर टॉनिक नाही, वर कलेजी नाही, लाड म्हणून चिमूटभरसुद्धा काही नाही.

माझं गणित साधं होतं. पाकिटावर कॅल्शियम १.२ टक्के. दिवसाला २८० ग्रॅम म्हणजे ३.३ ग्रॅम. फॉस्फरस त्याच्या प्रमाणात, जस्त, तांबं, आयोडीन, 'ई', 'ड' सगळं आत. घरच्या घरी पिल्लाचा आहार बसवायचा तर नुसतं कॅल्शियम घालून भागत नाही, कारण काकींच्या डब्यात फॉस्फरसही वाढीच्या मानाने निम्म्याहून कमी होता. एक भोक बुजवायला जावं तर दुसरं दिसतं. २०१३ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या. पुस्तकांतल्या, संकेतस्थळांवरच्या, काही तर पशुवैद्यकांनीच लिहिलेल्या. त्यांतल्या ९५ टक्के पाककृतींत एक तरी गरजेचा घटक कमी पडत होता. मी स्वतः त्या यादीत नाही एवढंच. माझी पाककृती 'उत्तम' या एका शब्दाची होती.

व्हिडिओतल्या कचऱ्याबद्दल काकांनी छेडलंच. सगळी पाकिटं सारखी नसतात हे खरं, आणि दुकानात उघड्या पोत्यातून किलोवर मिळणारं सुटं खाद्य मी पावसाळ्यात फुकट दिलं तरी घेणार नाही. आजींचंही बरोबर: त्यांच्या कुत्र्यांना कुणी गोळ्या घातल्या नव्हत्या. इंग्लंडात जेम्स स्प्रॅट नावाच्या माणसाने कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली ती १८६०च्या सुमारास. त्याआधी हजारो वर्षं कुत्रं माणसाच्या उष्ट्यावरच जगलं, इतकं की लांडग्याच्या मानाने त्याच्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी वाढल्या. भात त्याला पचतो, खुशाल पचतो. मला पाकिटाचं प्रेम नाही. मोडलेली मांडी माझं गणित जमेपर्यंत थांबणार नव्हती.

गोष्ट सुटली ती भलत्याच कारणाने. आठवड्याभरात श्रावण लागणार होता. या घरात श्रावणात चुलीवर मासे-मांस चढत नाही, थेट गणपती जाईपर्यंत. कुत्रीसाठी वेगळी कोंबडी कुठे शिजवायची, हा प्रश्न आजींच्या मनात आधीपासून होता, कुणी बोललं नव्हतं. गोळ्यांना चूल लागत नाही. आजींनी पिशवी हातात घेतली, उलटसुलट केली आणि मला विचारलं, "ह्येच्यात कोंबडी आसा काय?"

आहे, म्हटलं. सुकवून दळलेली.

आजींनी क्षणभर विचार केला. "सुकी मां? मगे पडवीत ठेव. रांदपात नको."

पडवीत म्हणजे पुन्हा तीच ओल. पण या वेळी माळ्यावरचा तांदळाचा पत्र्याचा डबा खाली आला, घट्ट झाकणाचा. पिशवी पिशवीसकट आत, आणि खरेदी तीन किलोचीच, महिन्याभराच्या आत संपेल एवढी. ती संपली की दुसरी.

पाय बांधला नाही. लोकांना प्लास्टर दिसलं की उपचार झाल्यासारखं वाटतं, पण इतक्या मऊ हाडावर फळी बांधली तर फळी जिथे संपते तिथे दुसरं हाड वाकतं. कॅल्शियमची इंजेक्शनं नाहीत, रक्तात ते कमी नव्हतंच. वजनाच्या मापाने चार दिवस दुखण्याचं औषध, आणि कोंडून ठेवणं. काकांनी आंब्याच्या जुन्या लाकडी पेट्या सुतळीने बांधून पडवीच्या कोपऱ्यात चार फूट बाय चार फुटांचं आवार केलं. आतल्या गुळगुळीत लादीवर गोणपाट, चारी कडा पेट्यांखाली दाबून, पाय घसरू नये म्हणून. दिवसातून चार वेळा पोटाखालून पंचा घालून, उचलल्यासारखं धरून, अंगणात न्यायचं आणि परत. पायरी नाही, उडी नाही, लाल्याशी दंगा नाही.

दहाव्या दिवशी काकींचा फोन. काहीतरी बिघडलं म्हणून मी धसकले. तक्रार अशी होती की कापी पेटीवर पुढचे पाय ठेवून उभी राहते आणि भुंकते. दुखणं इतक्या लवकर जातं. खरं संकट तेव्हाच असतं, कारण हाड अजून भरलेलं नसतं आणि कुत्र्याला ते माहीत नसतं. पेट्यांची अजून एक रांग चढली.

सहा आठवड्यांनी, गणपतीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत, त्याच गृहस्थाकडे रात्री दुसरी प्लेट काढली. या वेळी मांस राखाडी आणि हाड पांढरं, निराळं दिसलं. मांडीच्या मोडीभोवती नव्या हाडाची जाड गाठ. कडांना जाडी आलेली. कमरेचं कडं मात्र होतं तसंच, किंचित दबलेलं. ते सुधारणार नव्हतं.

मग घरचं

कॉफीची वाढ पुरी होईपर्यंत आम्ही पाकिटावरच राहिलो. काकींनी दर महिन्याला विचारलं, आता? मी म्हणायचे, अजून नाही. वर्षाची झाल्यावर तिची नसबंदी केली. अरुंद कमरेतून पिल्लं अडली असती, तो धोका कुणाला नको होता.

चौदाव्या महिन्यात, २६ किलोवर, घरचं सुरू केलं. जुन्या जेवणावरून नव्यावर दहा दिवसांत, थोडं थोडं बदलत. ग्रॅमवार पाककृती इथे मुद्दाम देत नाही. ती त्या एका कुत्रीसाठी, श्वान-पोषणाचं काम करणाऱ्या माझ्या मुंबईच्या मैत्रिणीने बसवून दिलेली आहे. तुमचा अकरा वर्षांचा, मूत्रपिंडाचं दुखणं असलेला पामेरियन तीच खाऊ लागला तर मी पुन्हा कार्ड काढून माझंच अक्षर वाचत बसेन. रचना मात्र सांगते. दिवसाला साधारण १३०० कॅलरी, म्हणजे कॅल्शियम १.६ ग्रॅम. मोठ्या कुत्रीला फॉस्फरस मांस-भातातून पुरतो, त्यामुळे अंड्याचं कवच इथे चालतं. पिल्लाला नुसत्या कवचावर निभावलं नसतं.

काकी कवचं धुतात, दहा मिनिटं उकळतात, उन्हात नाहीतर तव्यावर कोरडी करतात आणि मिक्सरला मैद्यासारखी दळतात. खरखर राहिली तर पुन्हा. सपाट चमचाभर पुडीत सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं, म्हणून चमच्याला थोडं कमी. मासळी सुरू असली की आठवड्यातून दोन दिवस तारली: डोकी-पोटं काढून, कुकरमध्ये काटे बोटांनी चुरडतील इतकी वेळ शिजवून, काट्यांसकट. त्या दिवशी कवचाची पूड कमी, दोन्हीचा भरणा एकदम नाही. तारली कच्ची कधीच नाही. काही माशांत 'ब-१' जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं, शिजवलं की ते निकामी होतं. आठवड्याला बकऱ्याच्या कलेजीचा छोटा तुकडा, तांब्यासाठी. छोटाच, कारण कलेजीतलं 'अ' जीवनसत्त्व साठत जातं. जस्त आणि 'ई' यातल्या कशातूनही पुरेसं येत नाही, त्यासाठी जीवनसत्त्व-खनिजांची पूड, मापून. भाताच्या निम्म्या जागी नाचणी. काकींनी ती शेवटी आणलीच.

स्वयंपाकघरात डिजिटल काटा आला. आजी त्याला हात लावत नाहीत, पण काकींचं लक्ष नसलं की आकडा वाचतात.

दर महिन्याला वजन, सहा महिन्यांनी रक्त. कॉफी उजवा मागचा पाय किंचित बाहेर टाकून चालते. पावसाळ्यात पडवीच्या पायरीशी थांबते, खाली बघते, मग उतरते. लाल्याला तिची थाळी मिळत नाही आणि तिला लाल्याची बांगड्याची डोकी मिळत नाहीत. दोघंही यावर नाराज आहेत.

मागच्या गणपतीला विरारहून काकींची सून आली होती. पहाटे मोदकांची उकड काढायला बसली आणि फळीवरची पांढऱ्या पिठाची बरणी उघडली. काकी मागच्या दारावरून ओरडत आल्या, "गो, ता न्हय!" आजी देवघरातून बाहेर. अंड्याची कवचं, गणपतीच्या घरात, तांदळाच्या पिठाला लागून. सगळी भांडी पुन्हा घासली गेली. बरणी आता पडवीत, पत्र्याच्या जुन्या डब्यावर असते. आजींनी नातवाकडून तिच्यावर चिठ्ठी लिहून घेतली आहे: कापीची पूड. मोदकाक घेव नकात.